पोलिसात भरतीचं किमान वय: 18 बरोबर आहे, कमी करावं की वाढवावं?

सुदामानगरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ टेक्ससला असतो, परवा त्याच्याशी फोनवर गप्पा मारताना विषय निघाला. तिकडे पोलिसात जायचं तर 21 पूर्ण लागतात, कॉलेजचे 60 क्रेडिट असतील किंवा सैन्यात दोन वर्षं काढून नीट बाहेर पडला असेल तर 18 ला पण घेतात. न्यूयॉर्कला म्हणे परीक्षा साडेसतराला देता येते पण 21 च्या आत नेमणूक नाही. आणि 2020 नंतर तिकडे पोलिसात यायला पोरंच मिळेनात, म्हणून वयाची अट खाली आणा असं बऱ्याच ठिकाणी चाललंय.

आपल्याकडे मध्य प्रदेशात उलटी गंगा. इथे आरक्षक (पोलीस शिपाई) व्हायला 18 आधीपासूनच आहे आणि एकेका जागेवर उड्या पडतात. तरी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एकाने टाकलं की अग्निवीर साडेसतराला घेतात तर पोलीस का नाही, बारावी झाली की पोराला सरळ लाईनीत पाठवा, वाया जाणार नाही. त्यावर दुसऱ्याने लिहिलं की अठराच्या पोराला दाढी धड येत नाही त्याला दंडा काय देता, 21 करा. मग नेहमीप्रमाणे दोघांची जुंपली आणि अॅडमिनने ग्रुप बंद केला.

मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. इथे खात्यातले, कोर्टातले, बाहेरदेशी राहणारे असे सगळे लोक आहेत म्हणून विचारतो. राजकारण नको, बाकी काय ते मोकळेपणी लिहा.

---

भिया_राजवाडा

भिया आधी भरती तर होऊ दे मग वय बघू 😄

2023 च्या आरक्षक भरतीचंच घ्या. फॉर्म जून-जुलै 2023, लेखी ऑगस्टपासून, निकाल मार्च 2024, फिजिकल सप्टेंबरनंतर आणि फायनल यादी यायला 2025 उजाडलं. म्हणजे जो फॉर्म भरताना अठराचा होता तो ट्रेनिंगला पोचेपर्यंत विशीत गेला. कागदावर 18, वर्दी चढते तेव्हा 20. तुम्ही साडेसतरा करा की सोळा करा, परीक्षा घेणारं कर्मचारी चयन मंडळ त्याला आपोआप विशीला नेऊन पोचवतंय. वय वाढवायची सोय सरकारने आधीच करून ठेवलीये, त्याला नियम बदलायची गरज नाही.

---

बुऱ्हाणपूरचा_पोऱ्या

भिया_राजवाडा दादा हसू नका, हे आमच्या जिवावर चाललंय. मी इंदुरात भंवरकुवाला रूम घेऊन तयारी करतो, आमच्या मजल्यावर सगळे हेच करतात, कोणी पटवारी (तलाठी) कोणी एसआय (सब-इन्स्पेक्टर) कोणी आरक्षक. एसआयची तर 2017 नंतर थेट 2025 ला जाहिरात आली, मधल्या काळात ज्यांची वरची वयोमर्यादा गेली त्यांना कोणी विचारलं का. मधे 87-13 चा घोळ, म्हणजे ओबीसी आरक्षणाच्या केसमुळे 87 टक्के जागांचाच निकाल लावायचा, 13 टक्के निकाल अडकलेला, कोर्टाची तारीख पडली की सगळे मोबाईल घेऊन बसतात.

आणि 21 करा म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. माझे वडील शेती करतात, केळी. आरक्षकाला दहावी पास लागते. दहावी-बारावी झालेला गावातला पोरगा 21 पर्यंत काय करेल? रूमचं भाडं, टिफिन, कोचिंगची फी हे तीन वर्षं कोण भरणार? ज्याच्या घरी आहे तो भरेल, म्हणजे पोलिसात पण पैसेवाल्याचीच पोरं येणार. सध्या सकाळी पाचला उठून धावतो, 800 मीटर 2 मिनिट 45 सेकंदात आणायचे असतात, लांब उडी 13 फूट, गोळा 7.260 किलोचा 19 फूट. हे अठरा-एकोणीसला जेवढं निघतं तेवढं नंतर निघत नाही, माझ्याच रूममधला एक मोठा दादा आहे त्याची गुडघ्याची पट्टी सुटत नाही.

साडेसतरा वगैरे आम्हाला नकोय हो. दरवर्षी भरती काढा बस.

---

निवृत्त_ठाणेदार

धागा चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी खात्यात आरक्षक म्हणून नाही, थेट सब-इन्स्पेक्टर म्हणून आलो आणि टीआय (ठाण्याचा प्रमुख इन्स्पेक्टर) म्हणून निवृत्त झालो, माळव्यातल्या चार-पाच जिल्ह्यांत नोकरी झाली. त्यामुळे अठरा-एकोणीसची पोरं माझ्या हाताखाली आली ती ट्रेनिंग संपवून, ठाण्यात आमद दिल्यावर, म्हणजे रुजू झाल्यावर.

लोकांना वाटतं पोलीस म्हणजे धावणं, पकडणं, दंडा. त्यात अठराचं पोरगं कुणालाही हार जाणार नाही, चपळ असतं, रात्रभर नाकाबंदीवर उभं राहतं आणि सकाळी पोहे खाऊन परत तयार. रंगपंचमीच्या गेरला राजवाड्यावर जो बंदोबस्त लागतो तिथे मला पन्नाशीच्या हवालदारापेक्षा ही पोरं बरी वाटायची.

पण ठाण्यात आल्यावर त्याच्या वाट्याला येतं काय? वॉरंट तामीली (बजावणी), आरोपीला कोर्टात नेणं-आणणं, लॉकअपचा पहारा, नवरा-बायकोच्या भांडणात मधे उभं राहणं, आणि मर्ग. मर्ग म्हणजे संशयास्पद मृत्यूची नोंद, पंचनामा, पीएम (शवविच्छेदन), मग प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात देणं.

एक पोरगं होतं, खरगोनकडचं, नुकतंच आलेलं. एका मोठ्या दवाखान्याच्या शवागाराबाहेर त्याला सुपुर्दनाम्यावर (प्रेत ताब्यात मिळाल्याचा कागद) सही घ्यायला पाठवलं. मुलगा रेल्वेखाली गेलेला, साधारण ह्याच्याच वयाचा. मी पोचलो तेव्हा हा पठ्ठ्या बाकावर मयताच्या आईच्या शेजारी बसलेला, पेनाचं टोपण दातात, फॉर्म मांडीवर, आणि फॉर्ममध्ये फक्त वय लिहिलेलं. बाकी सगळं कोरं. ती बाई त्याला विचारत होती, बेटा तू जेवलास का. सही घ्यायची कशी ते त्याला शिकवलं होतं, त्या प्रश्नाचं काय करायचं ते नव्हतं शिकवलं. मी फॉर्म घेतला, बाकीचं भरलं, त्याला चहा पाजला. पुढे तो उत्तम आरक्षक झाला. पण त्याच बॅचमधलं दुसरं एक पोरगं अशाच चार प्रसंगांनंतर इतकं निबर झालं की लोकांशी बोलताना अरे-तुरेशिवाय तोंड उघडेना. कोण कुठल्या बाजूला जाईल हे भरतीत गोळा किती फूट गेला त्यावरून कळत नाही.

म्हणून माझं मत: 18 च्या खाली बिलकुल नाही. आणि 18 ला घ्यायचं तर ठाण्यात उघड्यावर लगेच सोडायचं नाही. बाकी नंतर लिहितो, नातीला शाळेतून आणायचंय.

---

कोर्टातली_मावशी

ठाणेदार साहेब, वाचून गलबलले.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यामुळे जरा कायद्याच्या बाजूने. साडेसतराचा मुद्दा मला तर पहिल्याच पायरीवर गडगडताना दिसतो. बाल न्याय कायद्यात 18 च्या आतला तो बालक. आता कल्पना करा, साडेसतराच्या आरक्षकाने लॉकअपमध्ये कुणाला मारलं. केस कुठे चालणार? बाल न्याय मंडळापुढे! आणि मुलांच्या प्रकरणांसाठी ठाण्यात जो बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो तो एएसआय (सहायक सब-इन्स्पेक्टर) दर्जाच्या खालचा चालत नाही, तर तोच अधिकारी आपल्याच ठाण्यातल्या शिपायाची विचारपूस करणार, साध्या कपड्यात. हसावं की रडावं.

ज्यांना अठराच लहान वाटतं त्यांच्याही बाजूने थोडं. आपल्या कायद्याने वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी वयं ठेवलीत. मत द्यायला 18, ते सुद्धा 1989 च्या आधी 21 होतं. ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला 20. मुलाच्या लग्नाला 21. आपल्या मध्य प्रदेशात दारू प्यायला 21. आमदारकीला 25. आणि शस्त्राचं लायसन्स 21 पूर्ण झाल्याशिवाय नाही. म्हणजे एकोणीसच्या पोराला घरात वडिलांची बंदूक स्वतःच्या नावावर करून घेता येत नाही, पण वर्दी घातली की सरकार त्याच्या खांद्यावर रायफल देतं. कायद्याने यात चूक काही नाही, सरकारी कर्तव्यावर असलेल्यांना ती अट लागू होत नाही. पण 21 हा आकडा शस्त्र कायद्यात घातला तेव्हा कोणीतरी काहीतरी विचार केला असेलच ना?

अजून एक. आरक्षक विवेचना (गुन्ह्याचा तपास) करत नाही, ते काम वरच्या दर्जाचं. आणि एसआयला पदवी लागते म्हणजे तो आपोआप 20-21 च्या पुढचा असतो. आयपीएसला तर यूपीएससीची अटच 21 ची. थोडक्यात, डोक्याच्या कामाला आपण 21 धरतो आणि अंगाच्या कामाला 18. फक्त सामान्य माणसाची गाठ पहिल्यांदा पडते ती त्या अठरावाल्याशीच.

---

थेम्सकाठचा_होळकर

इंग्लंडहून रामराम. मूळचा इंदुरातल्या रामबागचा, आता इकडे बरीच वर्षं.

इकडे इंग्लंड-वेल्समध्ये 17 ला अर्ज करता येतो आणि 18 ला कॉन्स्टेबल म्हणून नेमणूक होते. म्हणजे आकडा बघाल तर इंदूर आणि लंडन सारखेच. पण आत बघा. पहिली दोन वर्षं प्रोबेशन, डिग्री अप्रेंटिसशिपच्या वाटेने आलात तर तीन वर्षं, काम करता करता शिक्षण. सुरुवातीला एक अनुभवी कॉन्स्टेबल सतत सोबत. आणि मुख्य म्हणजे नेहमीच्या गस्तीवरच्या पोलिसाकडे बंदूकच नसते. बॅटन, स्प्रे, हातकड्या, रेडिओ. बंदूकवाले वेगळे, त्यांचं ट्रेनिंग वेगळं. त्यामुळे अठराचं वय इकडे तेवढं अंगावर येत नाही.

अमेरिकेत प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल, आणि दुकानातून हँडगन घ्यायला तिकडे 21 लागतात, म्हणून पोलिसाला 21 हे मला तरी सुसंगत वाटतं. आता माणसं मिळेनात म्हणून तेच खाली आणायचं म्हणजे ज्या कारणासाठी ठेवलं होतं ते कारण गेलं का, हे कोणी विचारत नाही.

लहान वयात ओढ लावायचीच तर इकडे 13 ते 18 च्या मुलांसाठी पोलीस कॅडेट असतात. परेड, समाजकार्य, थोडं कायद्याचं ज्ञान, अधिकार काहीच नाही.

---

सुदामानगरी

कॅडेट तर आपल्याकडे पण आहेत ना? केरळात 2010 ला स्टुडंट पोलीस कॅडेट सुरू झालं आणि 2018 मध्ये देशभर लागू केलं, आठवी-नववीच्या मुलांसाठी. आमच्या भागातल्या एका सरकारी शाळेत बोर्ड पाहिलाय. बोर्डाच्या पलीकडे काय चालतं ते त्या शाळेतल्या कोणी सांगितलं तर बरं.

---

पळशीकर_कॉलनीवाली

सगळे साडेसतरावर भांडताय, आपल्या मध्य प्रदेशात तर पाच-सहा वर्षांचे पोलीस आहेत! बाल आरक्षक. कोणी त्याबद्दल लिहिलं कसं नाही?

माझी मैत्रीण डीआरपी लाईनच्या (पोलीस लाईन) क्वार्टरमध्ये राहायची, तिच्या शेजारी होता एक. वडील ड्यूटीवर असताना वारले, आई कमी शिकलेली, तर मुलाला बाल आरक्षक म्हणून घेतलं. शाळेचा गणवेश घालून ऑफिसात हजेरी लावायला यायचा, आईचं बोट धरून. सगळे साहेब लोक लाडाने त्याला सॅल्यूट मारायचे आणि तो लाजून आईच्या पदरामागे. मला तेव्हा गोड वाटायचं, आता विचार करते तर पोटात कालवतं. त्याने मोठं होऊन चित्रकार व्हायचं ठरवलं तर?

---

निवृत्त_ठाणेदार

आलो परत.

ताई, बाल आरक्षकाचं नीट समजून घ्या, कारण पेपरात फोटो येतो आणि बाहेरच्या लोकांना वाटतं आपण लेकरांना कामाला लावतो. ती अनुकंपा नियुक्तीचीच एक तऱ्हा आहे. मयत पोलिसाच्या घरात नोकरीला लायक दुसरं कोणी नसेल तर मुलाची जागा धरून ठेवतात, त्याला आरक्षकाच्या निम्मा पगार मिळतो, त्याने शाळेत जायचं एवढंच अपेक्षित. 18 पूर्ण झाले, शिक्षण आणि बाकीच्या अटी पूर्ण केल्या की मग नियमित आरक्षक. ड्यूटी म्हणून काही नाही. आमच्या खात्यात चांगल्या म्हणाव्या अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यातली ही एक, कितीतरी घरांची चूल यावर पेटते.

चित्रकाराचं म्हणाल तर खरं आहे. त्या मुलाला कोणी विचारत नाही. पण अठराच्या वर्षी नको म्हणायचा हक्क त्याला असतो, घरचे म्हणू देतात का तो भाग निराळा.

---

बडोद्याचा_पाव्हणा

मी बडोद्याचा, दांडिया बाजार. आमच्याकडचा हिशोब सांगतो.

गुजरातेत लोकरक्षक म्हणजे तुमचा आरक्षक, त्याला 18 आणि बारावी. पीएसआयला 21 आणि पदवी. म्हणजे अधिकाऱ्याला 21 हे आमच्याकडे थेट लिहिलेलंच आहे, मोघम नाही. धावणं मात्र भारी, पुरुषांना 5 किलोमीटर 25 मिनिटांत. तुमचं 800 मीटर ऐकून आमची पोरं हसतील (गंमत करतोय, बुऱ्हाणपूरकर रागावू नका). महाराष्ट्रात 1600 मीटर आहे आणि बारावी. तिन्ही राज्यांत शिपायाला 18 च.

तेव्हा 18 हा आकडा मध्य प्रदेशने झोपेत लिहिलेला नाही. मला खटकतं ते शिक्षण. दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर आहे, आणि त्या दोन वर्षांत पोरगं बरंच बदलतं. वय 18 ठेवा पण शिक्षण बारावी करा, अर्धा वाद मिटेल.

---

बुऱ्हाणपूरचा_पोऱ्या

पाव्हणे, 5 किलोमीटर 25 मिनिटांत म्हणजे जॉगिंग झालं, 800 ला 2:45 मध्ये फेफडं तोंडात येतं, या एकदा नेहरू स्टेडियमला 😀

बारावीचं मान्य. खरं तर आमच्या रूमवर निम्मे ग्रॅज्युएट आहेत जे दहावीच्या पोस्टसाठी बसलेत. एक एमएससीवाला आहे. त्यामुळे कमी शिकलेला पोरगा येतो ही भीती आता राहिली नाही, जास्त शिकलेला आणि चिडलेला येतो. ठाणेदार काका, याच्यावर काही बोला.

---

निवृत्त_ठाणेदार

बोलतो. हे शेवटच्या काही वर्षांत मी स्वतः पाहिलंय. ग्रॅज्युएट आरक्षकाला आठवी पास हवालदाराने चहा आणायला सांगितलं की ठाण्यात जे काही होतं ते अठराच्या पोराबरोबर होत नाही. ग्रॅज्युएट पोरं रोजनामचा सुंदर लिहितात, कॉम्प्युटर चालवतात, मुंशी (ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा) तर त्यांच्यावर जीव टाकतो. पण अर्धं मन पुढच्या परीक्षेत असतं. त्यात प्रमोशन नाही, 2016 पासून आरक्षणाच्या केसमुळे बढत्या अडकल्या, मग 2021 ला कार्यवाहक नावाची पट्टी लावून काम चालवलं. कार्यवाहक प्रधान आरक्षक (हवालदार), कार्यवाहक एएसआय. काम वरचं, पगार जुनाच.

इथे वयाचा दुसरा हिशोब येतो जो अजून कोणी मांडला नाही. आपल्याकडे 2018 पासून निवृत्ती 62 ला. अठराला लागलेला माणूस 44 वर्षं नोकरी करणार. चव्वेचाळीस! रात्रपाळी, बंदोबस्त, सणाला घरी नाही. 2019 मध्ये साप्ताहिक सुट्टी जाहीर झाली होती, आज किती ठाण्यांत मिळते ते तुमच्या ओळखीच्या कुठल्याही आरक्षकाला विचारा. पन्नाशीत त्याची पाठ, शुगर, बीपी सगळं हजर, आणि अजून बारा वर्षं बाकी. किमान वय कमी करताना हे टोक कोणी बघत नाही.

मला विचाराल तर असं करावं. घ्या 18 ला. नऊ महिन्यांचं बेसिक ट्रेनिंग होतंच, ते झाल्यावर वयाची 20 पूर्ण होईपर्यंत कंट्रोल रूम, वायरलेस, ट्रॅफिक, लाईन, बंदोबस्त, एखाद्या जुन्या प्रधान आरक्षकाबरोबर बीट. लॉकअपवर एकटा पहारा नाही, आरोपी एकट्याच्या ताब्यात नाही, मर्ग एकट्याने नाही. अडचण एकच, ठाण्यात माणसं कमी. नवीन पोरगं आलं की टीआय म्हणतो बरं झालं आलास, हे घे वीस वॉरंट. मी पण तेच केलंय, करावं लागतं.

---

कोर्टातली_मावशी

साहेब, लॉकअपवर एकटा नाही हे कलम तर मी म्हणेन वय काहीही असो, लागू करा 🙏

---

भिया_राजवाडा

आणि 2023 च्या त्या आरक्षक भरतीत आधार बदलून दुसऱ्याच्या अंगठ्यावर पास झालेले सापडले त्यांचं काय भिया. 2025 मध्ये किती धरले. तिथे वय 18 का 28 काय फरक पडतो, परीक्षाच दुसऱ्याने दिलेली. असा माणूस ठाण्यात येऊन पहिला गुन्हा कोणता शोधणार?

---

थेम्सकाठचा_होळकर

अवांतर होतंय पण मुद्दा बरोबर आहे. वयापेक्षा छाननी महत्त्वाची. अठराच्या मुलाबद्दल तपासायला तुमच्याकडे इतिहासच नसतो, ना नोकरी, ना कर्ज, ना संसार. चारित्र्य पडताळणी म्हणजे त्याच्यावर केस नाही एवढंच. पंचविशीच्या माणसाने चार ठिकाणी काम केलेलं असतं, विचारायला माणसं असतात. 21 च्या बाजूने मला हा सर्वात दमदार मुद्दा वाटतो, मेंदू किती वर्षांत पिकतो वगैरे लोक सांगतात त्यापेक्षा.

---

खंडव्याची_बाई

पहिल्यांदाच लिहितेय. मी खंडव्याजवळ उच्च माध्यमिकला शिकवते, माहेर इंदूरचं.

सगळी चर्चा पोरांवर चाललीये. मुलींचं बघा जरा. माझ्या वर्गातल्या मुलींना बारावीनंतर घरून एकच वाक्य ऐकू येतं, अठरा झाली. मुलीच्या लग्नाचं कायद्यातलं वय 18 आणि आरक्षकाचं पण 18, ही बरोबरी आहे म्हणून काही मुली सुटतात. एक मुलगी होती, गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली. वडिलांनी स्थळ बघायला सुरुवात केली होती. तिने फॉर्म भरलाय, फिजिकल व्हायचंय, निकाल यायचाय, असं सांगत सांगत स्थळं परत पाठवली. सरकारी नोकरीचा फॉर्म हे एकमेव कारण असं आहे की ज्याच्यापुढे घरचे गप्प बसतात. मुलींना 4 किलोचा गोळा 15 फूट लागतो, ही वीसच्या पुढे टाकायची. आता वर्दीत आहे, धाकट्या बहिणीची फी तीच भरते.

21 केलंत तर ती तीन वर्षं तिने घरी काय सांगून काढायची? महिलांना 35 टक्के आरक्षण कागदावर राहील आणि फॉर्म भरायला मुली नसतील, सासरी असतील. ठाणेदार साहेबांचं शवागाराबाहेरचं वाचलं, पटलं सुद्धा. पण तो त्रास ठाण्यात होतो म्हणून दारच तीन वर्षं बंद, हे मला नाही पटत.

---

पळशीकर_कॉलनीवाली

बाई, +100. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

पण एक शंका. अठराच्या मुलीला बाहेरगावी पोस्टिंग मिळालं तर राहायचं कुठे? माझ्या मैत्रिणीच्या लाईनीत क्वार्टरची वाट बघणाऱ्यांची यादी मोठी होती.

---

खंडव्याची_बाई

माझी विद्यार्थिनी पहिल्यांदा तिघींबरोबर भाड्याच्या खोलीत राहिली. घरमालकाने वर्दी बघून डिपॉझिट घेतलं नाही, बाकी त्रास व्हायचा तो झालाच, रात्रपाळीहून परत येताना शेजारच्यांच्या नजरा वगैरे. महिला बॅरेक हव्यात, नक्की हव्यात. त्या नाहीत म्हणून मुलीला घरी ठेवायचं असेल तर मग मुलींनी काहीच करू नये.

---

निवृत्त_ठाणेदार

बाई, मी 21 म्हणालो नव्हतो, भरती 18 लाच म्हणालो. 20 पर्यंत ठाण्याचं एकट्याचं काम नको एवढंच. त्यात तुमच्या मुलीचं दार बंद होत नाही, उलट पहिली दीड-दोन वर्षं लाईनीत किंवा कंट्रोल रूमला म्हणजे शहरात, बॅरेकमध्ये. ऊर्जा डेस्कवर (महिला मदत कक्ष) महिला पोलीस हव्याच असतात, तिथे मोठ्या मॅडमबरोबर बसून शिकतील. आता बोला.

---

खंडव्याची_बाई

असं असेल तर माझी हरकत नाही. एकच अट, ती दोन वर्षं शिकाऊ म्हणून पगार कापायचा नाही आणि नोकरीत धरायची. नाहीतर वडील म्हणणार अजून पक्की कुठे झालीस.

---

बुऱ्हाणपूरचा_पोऱ्या

बाई, पगार तर आधीच कापतात, नव्या लोकांना पहिल्या वर्षी 70 टक्के, मग 80, मग 90. ठाणेदार काकांची स्कीम मला मंजूर आहे पण ती लागू करायच्या आधी हे 70-80-90 काढायला सांगा, नाहीतर काम पण अर्धं आणि पगार पण अर्धा असं होईल आणि आम्ही मोठे झालेले बाल आरक्षक.

---

भिया_राजवाडा

😂😂 धागाकर्ते, ठरलं का काही? का अजून ग्रुपवर टाकायचंय?

---

सुदामानगरी

साडेसतरा बाद, हे ठरलं, मावशींच्या बाल न्याय मंडळानेच निकाल लावला. 21 पण बाद, खंडव्याच्या बाईंमुळे. 18 की 18 अधिक दोन वर्षं सांभाळून, यावर ठाणेदार साहेबांना अजून एक प्रश्न आहे: खात्यात हे लागू करायला विधानसभा लागते का नुसता मुख्यालयाचा आदेश पुरतो?

---

निवृत्त_ठाणेदार

वयाची अट बदलायची तर भरतीचे नियम बदलावे लागतात, ते शासनाचं काम, राजपत्रात यावं लागतं. पण कोणाला कुठली ड्यूटी द्यायची हे खात्याच्या हातात आहे, वरून एक आदेश निघाला तरी पुरे. आणि आदेश नाही निघाला तरी एखादा टीआय मनावर घेईल तर आपल्या ठाण्यापुरतं उद्या सकाळच्या गणनेपासून (हजेरीपासून) करू शकतो, ड्यूटी तोच लावतो.